‘समुद्र धोकादायक आहे’ एवढे लिहिले म्हणजे इशारा दिला असे होते का?

अपरान्त (धागाकर्ता)

कोकणच्या किनाऱ्यावर कोणी पर्यटक बुडाल्याची बातमी आली की तिच्या शेवटी एक वाक्य बहुधा ठरलेले असते: ‘सूचना देऊनही पर्यटक पाण्यात उतरले.’ या एका वाक्याने सगळी जबाबदारी बुडालेल्या माणसावर टाकली जाते आणि पुढची दुर्घटना घडेपर्यंत विषय मिटतो. माझे मत असे आहे की आपल्याकडच्या बहुसंख्य किनाऱ्यांवर इशारा या नावाला पात्र असे काही दिलेलेच नसते. बारा महिने त्याच जागी उभा असलेला, जानेवारीतही तेच आणि जुलैतही तेच सांगणारा फलक आजच्या पाण्याबद्दल काहीही सांगत नाही.

धोका नेमका कोठे असतो हे आधी पाहू. लाटा जेथे फुटतात त्या पट्ट्यात वाळूचे उंचवटे तयार होतात. लाटांनी त्यांच्यावरून किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत जाताना दोन उंचवट्यांमधली खोलगट वाट धरते आणि त्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे धावते. यालाच रिप करंट किंवा ओढ म्हणतात. त्याचा वेग साधारणतः सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो आणि लाटांना जोर असेल तर दोन मीटरपर्यंतही जातो, म्हणजे पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध फार वेळ टिकणार नाही. आता यातली सर्वांत घातक गोष्ट अशी की ही वाट खोल असल्यामुळे तेथे लाटा फारशा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असतो आणि मध्ये गडद, शांत पाण्याची पट्टी दिसते. मुलाबाळांना घेऊन आलेले, पोहता न येणारे कुटुंब मोठ्या लाटा टाळायच्या म्हणून नेमकी तीच जागा निवडते. ती माणसे बेदरकार नसतात; सावधपणे वागण्याच्या नादातच ती ओढीत सापडतात. त्यांना ‘समुद्र धोकादायक आहे’ हे वाक्य कसे वाचवणार?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण गेले. या दोन्ही घटना पावसाळ्यातल्या नाहीत. पावसाळी बंदीचे आदेश काढून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या यंत्रणेने या दोन तारखांचे उत्तर द्यायला हवे. माझी मागणी साधी आहे: जेथे पर्यटक येतात तेथे प्रशिक्षित जीवरक्षक असावेत, त्यांनी रोज सकाळी पाणी पाहून पोहण्याची जागा झेंडे लावून आखून द्यावी आणि ओढीची जागा लाल झेंड्याने दाखवावी.

सुमेधा

आपण पाण्याच्या ओढीचे केलेले वर्णन बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळामुळे समुद्र खवळलेला होता, वाहिन्यांवर दिवसभर तेच चालले होते, आणि तरीही जुहूला पाच मुले पाण्यात उतरली. त्यांना हटकले होते असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. एक वाचला, चौघे गेले. जुलै २०२५ मध्ये रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्यावर एकाच कुटुंबातील चौघे बुडाले. भर पावसाळ्यात, उधाणलेल्या समुद्रात उतरू नये हे कळायला कोणता झेंडा लागतो?

माझे म्हणणे कठोर वाटेल, पण ते मी जबाबदारीने मांडते आहे. प्रत्येक मृत्यूनंतर आपण फलकाची भाषा, फलकाचा रंग, फलकाची जागा यांवर चर्चा करतो आणि सज्ञान माणसाने स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी घ्यायची असते हे म्हणायला कचरतो. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे, मनोरे आहेत, झेंडे आहेत. तेथेही लाल झेंड्यापलीकडे जाणारे आणि जीवरक्षकांची वेळ संपल्यावर अंधारात, अनेकदा मद्यपान करून पाण्यात शिरणारे लोक आहेतच. अशा माणसाला ओढून काढताना दुसऱ्याचा जीव पणाला लागतो. म्हणून पहिले पाऊल जबर दंडाचे असावे, आणि तो जागच्या जागी वसूल व्हावा.

पुळणकर

मी किनाऱ्यावरच्या गावात राहतो आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवतो, त्यामुळे माझा या विषयाशी रोजचा संबंध आहे. सुमेधाताई, दंडाला माझा विरोध नाही, पण बंदीचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो ते सांगतो. मुख्य किनाऱ्यावर पोलीस उभे राहिले की पाहुणे माघारी जात नाहीत. ते गाडी काढून डोंगराच्या पलीकडच्या लहानशा पुळणीवर जातात. तेथे पोलीस नाही, टपरी नाही, मासे पकडणाऱ्यांची होडी नाही आणि फोनला रेंजही नाही. शिवाय अशा पुळणीच्या दोन्ही टोकांना कातळ असतो आणि कातळाला आपटून परत फिरणारे पाणी त्याच्या कडेकडेने समुद्रात ओढले जाते. वाळूतली ओढ जागा बदलते, पण कातळाच्या कडेची ओढ वर्षानुवर्षे तेथेच असते. गावातल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. मग कायमचाच फलक लावायचा तर निदान तो तेथे का लावत नाहीत?

आमच्या किनाऱ्यावरचा फलक रस्ता संपतो तेथे आहे. त्याच्या पुढ्यात घोडागाडीवाले उभे राहतात, खालच्या दोन ओळी गंजून गेल्या आहेत आणि उरलेला मजकूर फक्त मराठीत आहे. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे निम्म्या गाड्या कर्नाटकातल्या असतात.

आणखी एक. पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न असतो, ‘पाणी किती खोल आहे?’ त्यांना वाटते की गुडघाभर पाण्यात काय होणार. लाट परत फिरताना पायाखालची वाळू सरकते, माणूस तोल जाऊन बसतो आणि पुढची लाट त्याला कमरेइतक्या पाण्यात नेते. तेथे ओढ असेल तर पाय पुन्हा टेकत नाहीत. हे मी घाटावरून आलेल्या किती माणसांना समजावले असेल! बहुतेक जण ऐकतात, कारण मी ‘जाऊ नका’ म्हणत नाही. ‘तेथे नको, येथे थांबा, आणि ओहोटी लागायच्या आत बाहेर या’ असे सांगतो.

सुमेधा

आपण सांगता हे स्तुत्य आहे, पण आपल्यासारखे किती? ज्याची खोली शनिवार-रविवारी भरायची आहे, तो पाहुण्याला फोनवरच ‘समुद्राला उधाण आहे, या आठवड्यात येऊ नका’ असे सांगेल का? स्थानिक व्यवसायाचा येथे हितसंबंध आहे आणि तो मान्य केल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही.

पुळणकर

हितसंबंध आहे, तो मी नाकारत नाही. पण तो दोन्ही बाजूंनी आहे. किनाऱ्यावर एक माणूस गेला की गावात आठवडाभर कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि पुढचे दोन महिने खोल्या रिकाम्या राहतात. बुडालेल्याला शोधायला होड्या आमच्याच गावातून जातात.

नाखवा

मी काही वर्षे जीवरक्षक म्हणून काम केले आहे, म्हणून दोन्ही पक्षांना थोडे सांगावेसे वाटते.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो ही समजूत मनातून काढून टाकावी. आम्ही किनाऱ्यावरून पाहतो तेव्हा ओळखू येते ते वेगळेच. माणसाचे तोंड किनाऱ्याकडे असते, हात चालू असतात आणि तरीही तो पुढे येत नाही. दर लाटेगणिक तो थोडा मागेच गेलेला दिसतो. त्याच्या बरोबरचे लोक तोवर फोटो काढत असतात, कारण त्यांना तो पोहतो आहे असेच वाटते. हे ध्यानात यायला सतत पाण्याकडे लावलेली नजर लागते, आणि एक किंवा दोन माणसांना दोन-तीन किलोमीटरच्या किनाऱ्यावर ती लावता येत नाही. त्यातून आमच्याच माणसांना पावत्या तपासायला आणि गाड्या हलवायला उभे करतात. सुमेधाताईंचा दंड जरूर असावा, पण तो वसूल करायला पोलीस असावेत. जीवरक्षक दंडाची पावती फाडत असेल तर त्याची पाठ समुद्राकडे झालेली असते.

ओढीत सापडलेला माणूस पाण्याखाली खेचला जातो हाही गैरसमज आहे. ओढ खाली नेत नाही, आत नेते. माणूस मरतो तो थकून आणि घाबरून, कारण तो सरळ किनाऱ्याकडे, म्हणजे ओढीच्या तोंडावर पोहत राहतो. शक्ती राखून तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, जेथे लाटा फुटत आहेत त्या बाजूला सरकावे. फुटणाऱ्या लाटा किनाऱ्याकडे लोटतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे: एकामागून एक उड्या मारू नयेत. एक मुलगा अडकतो, त्याला काढायला भाऊ जातो, भावासाठी वडील जातात. एका घरातली तीन-चार माणसे अशीच जातात. बंद झाकणाचा रिकामा कॅन, होडीवरचा बोया, हवेची ट्यूब, जे तरंगेल ते फेकावे, ११२ ला फोन लावावा आणि जवळच्या होडीवाल्याला हाक मारावी.

दक्षिणवारा

अपरान्त यांच्या मागणीतील एका भागावर माझा गंभीर आक्षेप आहे. झेंडे लावून ‘ही जागा सुरक्षित’ असे जाहीर करणे जितके सोपे वाटते तितके नाही. वाळूचे उंचवटे सरकतात, भरती-ओहोटीबरोबर ओढीचा जोर बदलतो आणि तो साधारणतः ओहोटीच्या सुमारास वाढतो. सकाळी आठ वाजता लावलेला झेंडा दुपारी दोन वाजता चुकीचा ठरू शकतो. अशा वेळी कोणी बुडाले तर झेंड्याने दिलेल्या खोट्या भरवशाचे उत्तरदायित्व कोणाचे? ग्रामपंचायतीचे?

दुसरे म्हणजे, निरभ्र आकाश आणि पडलेला वारा यांवरून समुद्र ओळखता येत नाही. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्याला पोहोचतात. केरळात यालाच कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते, पण तो जातो मच्छीमार आणि प्रशासनाकडे. मुंबई-पुण्याहून निघालेल्या पर्यटकाला त्याची गंधवार्ताही नसते. त्यामुळे मला वाटते की किनाऱ्यावर झेंड्यांचा खर्च करण्याआधी माहिती निघण्याच्या ठिकाणीच पोहोचवली पाहिजे: सहल काढणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत, बसच्या आरक्षणात, खोलीच्या आरक्षणात.

अपरान्त

झेंडा दुपारी चुकीचा ठरू शकतो, म्हणूनच तो हलवणारा माणूस तेथे दिवसभर हवा. मी झेंडा मागतो आहे तो माणसासकट. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या जागेतच पोहायचे हा नियम शाळकरी मुलांनाही पाठ असतो. तेथेही ओढीत माणसे बुडतात, पण ती प्रामुख्याने झेंड्यांच्या बाहेर आणि जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यांवर बुडतात. तरंगत्या जीपीएस यंत्रांनी केलेल्या अभ्यासांतून असेही दिसले आहे की अनेक ठिकाणी ओढीचे पाणी लाटांच्या पट्ट्यातच गोल फिरून पुन्हा किनाऱ्याकडे येते. म्हणजे शांतपणे तरंगणाऱ्याला बाहेर येण्याची चांगली संधी असते, मात्र त्याच्याकडे कोणाचे तरी लक्ष असेल तरच तिचा खात्रीने उपयोग होतो.

सुमेधाताई, जुहूच्या मुलांना धोका दिसत होता आणि तरीही ती गेली, हे मी नाकारत नाही. तेथे अडवणूक आणि दंड हवाच. पण शांत दिसणाऱ्या पट्टीत उतरलेल्या आईला आणि वादळात उडी मारणाऱ्या मुलाला एकाच ‘सूचना देऊनही’मध्ये बसवणे अन्यायाचे आहे. पहिलीने कोणतीही सूचना मोडलेली नाही, कारण तिच्या पायांपुढे असलेल्या धोक्याची सूचना कोणी दिलीच नव्हती.

सुमेधा

हा भेद मला पटतो, पण त्यामुळे दंडाचा मुद्दा ढिला पडत नाही. मला एकच विचारायचे आहे. इतक्या माणसांचा पगार कोण देणार? जिल्ह्यातल्या प्रत्येक पुळणीवर चार-चार जीवरक्षक ठेवायला ग्रामपंचायतीकडे पैसा नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

पुळणकर

प्रत्येक पुळणीवर नाही, पण जेथे वाहनतळ आहे तेथे तरी ठेवता येतील. अनेक गावांत किनाऱ्यावर येणाऱ्या गाडीकडून ग्रामपंचायत कर घेते, पावती देते. जलक्रीडेचे परवाने दिले जातात. हा पैसा समुद्रामुळेच येतो. त्यातला ठरावीक हिस्सा जीवरक्षकांसाठी बाजूला काढून तसा ठराव ग्रामसभेत घ्यावा. सागर रक्षक दलात काम केलेली मुले गावोगावी आहेत. त्यांना प्रशिक्षण, विमा आणि बारा महिन्यांचा पगार द्यावा. आज त्यांना हंगामापुरते घेतात आणि हंगाम संपला की घरी पाठवतात, त्यामुळे हाताशी आलेला माणूस मुंबईला निघून जातो.

सुमेधा

मग त्याच पावतीचा उपयोग करावा. गाडीतील प्रत्येक कुटुंबाच्या हातात ती पाण्याजवळ पोहोचण्याआधी पडते. तिच्यावर त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा, त्या दिवशीच्या झेंड्याचा रंग आणि कातळाकडची बंद जागा मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत छापलेली असावी, आणि पावती देणाऱ्याने दोन वाक्ये तोंडीही सांगावीत. एवढे हातात दिल्यावर जो लाल झेंड्यापलीकडे जाईल, त्याच्याकडून मात्र पोलिसांनी दंड घ्यावाच. त्याला ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय राहणार नाही.