नकाशावर क्लिक केल्यावर जिल्ह्याचा रंग बदलायचा आहे : पॉवरपॉइंटमध्ये मॅक्रो वापरावा का?

भूगोलाच्या_बाई
नमस्कार. एका स्लाइडवर मी महाराष्ट्राचा नकाशा मांडला असून त्यातला प्रत्येक जिल्हा स्वतंत्र आकार आहे. वर जिल्ह्याचे नाव दिसेल आणि मुलाने पुढे येऊन तो जिल्हा क्लिक करायचा. बरोबर असेल तर तो हिरवा, चुकला तर लाल व्हावा आणि गुणही आपोआप मोजले जावेत. शाळेत ऑफिस २०१६ आणि प्रोजेक्टर आहे; खर्चाला मात्र एक रुपयाही नाही. कोणता मार्ग धरावा?

पॅनेलवाले_सर
बाई, आमच्या शाळेने लोकवर्गणीतून मोठे टच पॅनेल घेतले, तेव्हापासून माऊसला कोणी हात लावत नाही. मुले बोटाने जिल्हे दाखवतात आणि वर्ग रंगून जातो. तुम्हीही ग्रामस्थांशी बोलून पाहा.

सरळमार्गी
मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, कशाला? ॲनिमेशनमध्ये ट्रिगरची सोय आहे. जिल्ह्याला रंग बदलण्याचा परिणाम द्या आणि त्याच जिल्ह्यावरील क्लिक हा ट्रिगर ठेवा. फाइल साधी राहते आणि सुरक्षेच्या सूचना येत नाहीत. माझे सगळे पाठ असेच तयार झाले आहेत.

विदर्भकर
एक्सेलमध्ये करतात तसा मॅक्रो रेकॉर्ड करून घ्या, कोड लिहावा लागणार नाही.

कोड_आणि_खडू
पॉवरपॉइंटमधून मॅक्रो रेकॉर्ड करण्याची सोय २००७ च्या आवृत्तीतच काढून टाकली आहे, त्यामुळे कोड हाताने लिहावा लागेल. पण तो फार मोठा नाही. ट्रिगरला आत्ता कोणता प्रश्न चालू आहे हे कळत नाही, म्हणून एकच जिल्हा एका प्रश्नाला हिरवा आणि दुसऱ्याला लाल करणे त्याला जमत नाही. इथे मॅक्रोच हवा.

ऑल्ट आणि एफ१० दाबून सिलेक्शन पेन, म्हणजे स्लाइडवरील आकारांची यादी, उघडा व प्रत्येक आकाराला रोमन लिपीत नाव द्या. कोड लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात, म्हणून जिल्ह्याचे मराठी नाव त्या आकाराच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे ऑल्ट टेक्स्टमध्ये लिहून ठेवा. क्लिक झालेला आकार मॅक्रोला आपोआप मिळावा यासाठी मॅक्रोच्या नावापुढील कंसात 'शेप' प्रकारचा एक घटक घ्या. मग त्या आकाराचा पर्यायी मजकूर आणि प्रश्नाच्या चौकटीतला मजकूर यांची तुलना करून रंग ठरवता येतो, आणि कोडमध्ये एकही मराठी अक्षर लिहावे लागत नाही. सगळ्या जिल्ह्यांना हा एकच मॅक्रो पुरतो.

दोन गोष्टी विसरू नका. स्लाइड शो संपला तरी बदललेले रंग फाइलमध्ये तसेच राहतात, म्हणून सगळे पूर्ववत करणारे वेगळे बटण ठेवा. शिवाय ट्रान्झिशन्समध्ये 'माऊस क्लिकवर' ही खूण काढा, नाहीतर मुलाचा क्लिक जिल्ह्याबाहेर पडला की पुढची स्लाइड येईल.

दप्तरदार
फाइल पीपीटीएम प्रकारातच साठवा. आमच्याकडे एका सहकाऱ्याने माझी फाइल पीपीटीएक्समध्ये साठवली आणि सगळे मॅक्रो गेले. ते पुन्हा लिहिताना माझी सुट्टी वाया गेली, याचा राग अजून आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्ट आपोआप रोखते. ईमेलने फाइल पाठवलीत तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करावे लागेल.

पालघरचा_मास्तर
नकाशा जुना तर नाही ना? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. आकार ३६ भरले पाहिजेत. आमच्या मुलांना अजूनही ठाण्यात बसवणारे नकाशे सर्रास फिरतात.

विदर्भकर
जुन्या नकाशावरही सराव होतोच की.

पालघरचा_मास्तर
सराव चुकीचा होतो. परीक्षेत मूल ठाणे दाखवायला सांगितले की पालघरावर बोट ठेवते.

सरळमार्गी
पुन्हा सांगतो, ट्रिगर वापरा. मॅक्रो मोबाइलवर आणि ब्राउझरमधल्या पॉवरपॉइंटमध्ये चालत नाहीत, त्यामुळे मुलांना घरी सराव करता येणार नाही.

पॅनेलवाले_सर
पॅनेलचा विचार नक्की करा.

भूगोलाच्या_बाई
सर्वांचे आभार. नकाशात ३५ च आकार निघाले. पालघर वेगळा करून घेतला. घरच्या सरावासाठी मुलांकडे पाठ्यपुस्तक आहे, म्हणून मी मॅक्रोच वापरणार आहे. पण रंग बदलणे आणि पूर्ववत करणे एवढ्यापुरताच. गुण मोजण्याचा भाग मी काढून टाकला आहे. प्रत्येक गटातील एक मूल फळ्यावर गुण लिहील, म्हणजे वाट पाहणाऱ्या मुलांचेही लक्ष नकाशावर राहील.