पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलायचंय, जमेल का?

कळंब्याचा_पांडू

राम राम मंडळी. २०१३ ची स्विफ्ट डिझेल आहे, एबीएसवाली. पन्नासच्या पुढं गेलं की पुढून घोंऽऽ असा आवाज. ऐंशीला तर टेपवरची गाणी ऐकू येत नाहीत. आधी टायरवर संशय घेतला, पुढची चाकं मागं टाकली, आवाज जिथल्या तिथं. परवा गगनबावड्याकडं जाताना ध्यानात आलं, रस्ता डावीकडं वळला की आवाज चढतोय, उजवीकडं वळला की जवळजवळ बंद. शेजारी बसलेले भावजी शपथेवर सांगतात की तो डावीकडनंच येतोय. गॅरेजवाला म्हणतोय, दोन्ही टाकूया.

घरी जॅक, दोन स्टँड, सॉकेट सेट, लांब पाइप आणि मोकळा रविवार आहे. एका व्हिडिओत जुनं बेअरिंग वर ठेवून घणानं नवं आत ठोकलेलं बघितलं. असं चालतंय का?

उद्यमनगरचा_प्रेसवाला

भावा, घण आधी जाग्यावर ठेव.

भावजींचा कान सोड आणि वळण धर. गाडी डावीकडं वळली की वजन उजव्या चाकावर पडतंय, तेव्हा आवाज चढत असेल तर संशय उजव्यावर. पत्र्यातनं आवाज कुठनंही आल्यासारखा वाटतो. खात्री करायची तर पुढची दोन्ही चाकं उचल, गाडी स्टँडवर घे, शॉकअपच्या स्प्रिंगवर बोटं ठेव आणि दुसऱ्या हातानं चाक फिरव. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधनं बोटाला कळते. मग चाक वर-खाली धरून हलवून बघ. खेळ असेल तर बॉल जॉइंटचा नाही ना, तेही बघ. दुसरी बाजू गप्प असली तर तिला हात लावायचं काही कारण नाही.

आता कामाचं. तुझ्या गाडीचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्यात, दाबून बसवलेलं असतंय, मागं सर्कलिप, म्हणजे ते अडवून धरणारी स्प्रिंगची कडी. नकल खोलून बाहेर काढण्यापर्यंतचं सगळं घरी होतं. चाक जमिनीवर असतानाच एक्सलच्या नटाचं काठावर ठोकलेलं लॉक उचल, कुणाला तरी ब्रेक दाबायला बसव आणि पाइप घालून नट ढिला कर. एबीएसचा सेन्सर, म्हणजे चाकाचा वेग मोजतो तो, आधी काढ, गंजून अडकला असेल तर ओढू नको, तेल मारून थांब. कॅलिपर तारेनं स्प्रिंगला टांग, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नको. शॉकअपच्या दोन बोल्टांवर रंगाची खूण कर, नाहीतर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, हलतोय.

नकल निघाली की पिशवीत घाल आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात ये. हायड्रॉलिक प्रेस असलेली शेडं इथं गल्लोगल्ली आहेत. हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो भाग, दाबून काढला की बहुतेक वेळा बेअरिंगची आतली रेस, म्हणजे गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी, हबलाच चिकटून येते. तिथं पोरं घाई करतात. ग्राइंडरनं रेसवर तिरपी खाच घ्यायची, पण आरपार जायचं नाही, हबला चकती लागता कामा नये. तळाशी नखाएवढी जाडी उरली की थांबायचं, खाचेत छिन्नी धरायची आणि एकच टोला. रेस टक करून तडकते, मग ती हातानं सरकते. हबवर चरा पडला असेल तर हबही बदल, तिथं काटकसर नको.

नवं आत दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर. नंतर हब घालताना मागनं आतल्या रेसला आधार. उलटं केलं की सगळा जोर गोळ्यांमधनं जातो, रेसवर खळगे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासनं घोंघावतं. घणानं नेमकं तेच होतंय.

शाहूपुरी_गॅरेजप्रेमी

बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, नकल गरम करा, प्रेसची गरजच नाही. मी नेहमी असंच करतो.

उद्यमनगरचा_प्रेसवाला

साहेब, हिशोब करूया. साधारण ७० मिमीचं बेअरिंग ३० अंशांवरनं उणे १८ वर नेलं तर ते जेमतेम ०.०४ मिमी आकसतं. मदत होते, नाही म्हणत नाही. पण फ्रीजरमधनं काढून नकलपर्यंत नेईस्तोवर निम्मा फायदा जातो, वर दव धरतं ते वेगळंच. आणि मध्येच तिरकं अडकलं की प्रेसच गाठावी लागते. जुनं काढायला फ्रीजर काय कामाचा?

कळंब्याचा_पांडू

काका, पटलं. एबीएसचं काही वेगळं असतंय का? आणि २०२१ च्या पुरात गाडी दारात चाकभर पाण्यात होती, त्याचा संबंध असेल?

उद्यमनगरचा_प्रेसवाला

असू शकतोय. बेअरिंगच्या तोंडावरचं सील रस्त्यावरचं उडणारं पाणी अडवायला असतं, पाण्यात उभं राहायला नाही. जुनं फुटलं की ग्रीस बघ, तांबडं-दुधाळ असेल तर उत्तर मिळालं.

काही बेअरिंगांच्या एका सीलमध्ये चुंबकी कडा असते, सेन्सर तीच वाचतो. तुझ्यात तशी असेल तर ती बाजू सेन्सरकडंच आली पाहिजे, उलटं बसलं तर डॅशवर दिवा पेटणार आणि सगळं परत खोलावं लागणार. दुकानात घेतानाच टाचणी लावून बघ, चिकटली ती चुंबकी बाजू. घरी मात्र स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवू नको. एसकेएफ घे नाहीतर एनबीसी, फक्त बिलासकट घे.

बसवताना एक्सलचा नट नवा, आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनंच, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्यानंच, आवळायचा. आवळल्याशिवाय गाडी चाकावर उतरवू नको, ढकलूही नको. रेंच नसेल तर शेडवर ये, माझा देतो, पण संध्याकाळच्या आत परत पाहिजे. सोमवारी सकाळी अलाइनमेंट करून टाक.