घरात शिरलेलं मांजर: पोत्यात घालायचं की दार उघडायचं?

गावभागची सून
परवा दुपारी आमच्या स्वयंपाकघरात एक करडी भाटी शिरली. शेजारच्या काकू झाडू घेऊन धावल्या, कुणीतरी घाईत दार लावलं, आणि ती खिडकीच्या जाळीला लोंबकळायला लागली. कान चपटे, शेपूट फुगलेली. शेवटी सगळ्यांना बाहेर काढलं, मागचं दार सताड उघडलं, उंबऱ्याबाहेर दूधभात ठेवला आणि सोप्यात गप्प बसले. दहा मिनिटांत गेली. आता घरचे म्हणतात, परत आली की पोत्यात घालून आयर्विन पुलापलीकडे सांगलीवाडीत सोडायची. मला हे अजिबात पटत नाही.

मिरजकर
ताई, घास ठेवलात म्हणजे ती रोजच येणार. आमच्याकडे बोक्यानं तांदळाच्या पोत्यावर मुतून ठेवलं, सगळे तांदूळ टाकून द्यावे लागले. त्यात सून पोटुशी. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला धोका असणारा जंतुसंसर्ग, होतो, डॉक्टरांनीच सांगितलंय. मी तर हाकलणारच.

विश्रामबाग
टॉक्सोचं खरं आहे. पण ताज्या विष्ठेतून लागण होत नाही, त्यातले जंतू लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण त्याच दिवशी काढायची, सुनेनं नाही, दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून. अर्धकच्च्या मटणातूनही तो होतो, तिकडेही बघा. आणि मांजर यायच्या जागी फिनेल ओतू नका. पंजे चाटते ती, विषबाधा होते.
गावभागच्या ताई, दूध मात्र नको. मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही, ढाळ लागते.

मिरजकर
आणि नातवाला ओरबाडलं तर?

विश्रामबाग
कोंडलं की ओरबाडतं. वाट मोकळी असेल तर ते आधी पळतं. तरी ओरखडा उठलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, रेबीजच्या लशीसाठी. राहिलं पोतं. जनावराची उपासमार होईल अशा ठिकाणी त्याला टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

तासगावची
कायदा राहू दे बाजूला. त्या भाटीचं पोट बघितलंत का? आचळं ओघळलेली असतील तर जवळपास पिल्लं आहेत. तिला पुलापलीकडे टाकलीत तर ती इथं भुकेनं मरतील.

गावभागची सून
तुमचं वाचून लगेच माळ्यावर चढले. गणपतीच्या मखराच्या खोक्यात तीन पिल्लं आहेत, डोळे अजून मिटलेले. हात लावला नाही. खाली पाण्याची वाटी ठेवून आले. सासूबाईंनी स्वतःच पोतं घडी घालून ठेवलं.

मिरजकर
डोळे उघडून चालायला लागेपर्यंत राहू द्या, त्याला माझी ना नाही. पण माझं दार बंदच राहील. सुनेचं बाळंतपण होईपर्यंत तरी.