गाडी चालवताना मालकाचे सारखे फोन, आणि मोबाइलचं चलान कापणार ड्रायव्हरच्या पगारातून. कायद्यात काही आहे का?

निफाडची_ताई

नमस्कार सगळ्यांना. जरा सविस्तर लिहिते कारण दोन ओळीत सांगितलं की लोक लगेच "मग फोन उचलायचाच नाही ना" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

माझे मिस्टर आयशर चालवतात, गाडी मालकाची, हे पगारावर. सीझनला पिंपळगावहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री निघायचं आणि पहाटेचा बाजार सुरू व्हायच्या आत वाशीला लागायचं. गाडी ओझरच्या पुढे जात नाही तोवर मालकाचा फोन सुरू होतो, कुठे पोचला, घोटी गेली का, किती वाजतील, तिकडून अडत्याचा फोन येतो की गाडी कधी लागणार, गाळ्यावर माणसं थांबवून ठेवलीत. नाही उचलला तर लगेच परत वाजतो, परत वाजतो, आणि शेवटी उचलला की पहिलं वाक्य "फोन काय शोभेला दिलाय का तुला". क्लीनर सोबत असला तर तो उचलतो पण आता बऱ्याच फेऱ्यांना क्लीनर देतच नाहीत, खर्च वाचवतात.

आता गाडीवर चलान आलंय, फोटोत फोन कानाला लावलेला स्पष्ट दिसतोय, ४,००० रुपये. मालक म्हणतो तुझ्या पगारातून कापणार, चूक तुझी आहे. मला चलानाबद्दल तक्रार नाही, कसाऱ्याच्या घाटात एका हाताने भरलेली गाडी चालवू नये हे मला पण कळतं, उलट तोच विचार करून मला रात्रभर झोप नसते. पण फोन कोणी केला ते कोणीच विचारणार नाही का? कायदा फक्त उचलणाऱ्याला आहे का करणाऱ्याला पण काही आहे? ब्लूटूथ घेऊन दिलं तर चालतं का? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज.

काळा_कोट_नाशिक

ताई, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलाय तुम्ही. मी कोर्टात मोटार वाहन कायद्याच्या केसेस बघतो म्हणून लिहितोय, नीट वाचा.

मूळ कायदा मोटार वाहन अधिनियम १९८८, त्यातलं कलम १८४, धोकादायक वाहन चालवणं. २०१९ ला दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून या कलमात सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने जाणं यांच्या जोडीला हातात धरून मोबाइल वापरणं हे नाव घेऊन टाकलं. शिक्षा कागदावर बरीच कडक आहे, पहिल्या वेळेला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड किंवा दोन्ही, आणि ३ वर्षांच्या आत परत तोच गुन्हा झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड. प्रत्यक्षात कोणी जेलमध्ये जात नाही कारण कलम २०० खाली तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येतं, आणि गंमत नाही सांगत, अख्ख्या १८४ मध्ये ही सवलत फक्त मोबाइलच्याच गुन्ह्याला दिलेली आहे. माझ्या मते ही चूक आहे, पण कायदा तसा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नवीन दर लागू झाले, टू व्हीलरला १,०००, कारला २,००० आणि बाकीच्या गाड्यांना ४,०००. तुमचं चलान त्यातलंच. त्याआधी आपल्याकडे २०० रुपयात सुटका व्हायची.

पैशापेक्षा मोठी काळजी लायसनची करा. कलम २०६ मध्ये २०१९ ला पोटकलम ४ आलंय, त्यानुसार १८४ च्या गुन्ह्यात पोलिसांनी लायसन ताब्यात घेऊन निलंबनासाठी आरटीओकडे पाठवायचं असतं. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने तर २०१५ लाच सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की गाडी चालवताना मोबाइल दिसला तर किमान ३ महिने लायसन निलंबित करा. कारवाल्याचं लायसन ३ महिने गेलं तर तो रिक्षाने ऑफिसला जाईल, पगारी ड्रायव्हरचं गेलं तर चूल बंद. हे तुमच्या मिस्टरांना सांगा, मालकाला पण सांगा.

आता मुख्य मुद्दा. फोन करणाऱ्याला कायदा आहे. कलम १८८ वाचा, फारसं कोणी वाचत नाही. १८४, १८५ किंवा १८६ च्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल, भाग पाडेल, मदत करेल त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. म्हणजे ड्रायव्हर गाडी चालवतोय हे माहीत असून "चालवता चालवताच बोल, उचललाच पाहिजे, नाहीतर कामावरून काढतो" असं मालक म्हणत असेल तर तो यात बसू शकतो. नुसता फोन केला म्हणून बसणार नाही, समोरचा थांबून बोलेल असं मला वाटलं असं तो म्हणेल, त्यामुळे पुरावा लागतो. चलानावर तारीख आणि वेळ छापलेली असते. त्या मिनिटाला कोणाचा कॉल चालू होता ते फोनच्या कॉल लॉगमध्ये आहे. आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा, लॉग जुना झाला की पुसला जातो. व्हॉट्सॅपवर "फोन का उचलत नाही" टाइप मेसेज असतील तर ते पण डिलीट करू नका.

पगार कापायचं म्हणाल तर मालकाच्या मनाला येईल तसं कापता येत नाही, आधी कामगाराला त्याची बाजू मांडू द्यावी लागते. कापणार असाल तर कशासाठी ते लेखी द्या म्हणा. निम्मे मालक तिथेच गप्प होतात.

घाटातला_गणपा

वहिनी मी २० चाकी चालवलीय, गुजरात लाइन. वकीलसाहेब म्हणतात ते खरं असेल पण मालकावर केस टाकून नोकरी राहते का सांगा. सरळ चांगलं ब्लूटूथ घ्या एका कानाचं, दोन हात स्टेअरिंगवर, पोलीस पण धरत नाय, मालक पण खुश. आमच्या लाइनला सगळे हेच करतात. रात्री बोलत राहिलं तर डोळा पण लागत नाही हा एक फायदा आहे. फक्त स्वस्तातलं घेऊ नका बॅटरी कसाऱ्याला पोचेपर्यंत टिकत नाही.

मेंदूचा_अभ्यास

गणपादादा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते, इथे थोडं थांबा. कायद्याचा शब्द हातात धरलेल्या फोनबद्दल आहे हे खरं आणि म्हणूनच लोकांचा समज झालाय की हात मोकळे झाले म्हणजे धोका संपला. मी मानसशास्त्र शिकवते आणि लक्ष विचलित होणं हा माझा रोजचा विषय आहे. १९९७ ला टोरांटोमधल्या ड्रायव्हरांचे फोनचे रेकॉर्ड आणि अपघातांच्या वेळा जुळवून एक मोठा अभ्यास झाला, त्यात फोनवर बोलताना अपघाताचा धोका साधारण ४ पट निघाला आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही फायदा दिसला नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला वेगळ्या पद्धतीने तपासलं तरी तेच, ४ पट, हातात धरा नाहीतर हँड्सफ्री करा.

कारण असं की नजर रस्त्यावर असली तरी डोकं संभाषणात असतं. समोरच्या ट्रकचा ब्रेक लाइट डोळ्यात शिरतो पण मेंदूपर्यंत उशिरा पोचतो. ताशी ६० च्या वेगाला गाडी दर सेकंदाला १६-१७ मीटर पुढे जाते, मग दोन सेकंद उशीर म्हणजे किती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि बाजूला बसलेला क्लीनर बोलतो ते वेगळं असतं बरं का, त्याला पण समोरचं वळण दिसतं, तो आपोआप गप्प होतो, उलट "दादा गाय आहे" म्हणून ओरडतो. फोनवरचा मालक निफाडला खुर्चीत बसलाय, त्याला घाट दिसत नाही, तो वळणावर पण "किती वाजतील" विचारतच राहणार, आणि त्यात तो चिडून बोलत असेल तर अजूनच वाईट कारण चालवणारा मनातल्या मनात उत्तर जुळवत बसतो.

झोपेचं म्हणाल तर झोप येतेय म्हणून फोनवर बोलणं हा उपाय नाहीच, गाडी बाजूला घेऊन अर्धा तास डोळा मिटणं हाच उपाय. ब्लूटूथने चलान वाचेल, ताईंची जी खरी काळजी आहे ती तशीच राहील.

घाटातला_गणपा

मॅडम क्लीनरचं एकदम बरोबर बोललात. हे कोणी असं सांगितलंच नव्हतं आजपर्यंत. पण अर्धा तास झोपायला मालक देत नाय, त्याचं काय करायचं ते सांगा.

बार्शी_ते_लीड्स

मी इंग्लंडमध्ये एका कंपनीसाठी व्हॅन चालवतो म्हणून इकडचं सांगतो, तुलना करायला उपयोगी पडेल. इथे हातात फोन धरायला डिसेंबर २००३ पासून बंदी आहे. २०१७ पासून दंड २०० पाउंड आणि लायसनवर दंडाचे ६ पॉइंट, आणि लायसन मिळून २ वर्षं झाली नसतील तर त्या ६ पॉइंटमध्येच लायसन जातं, परत पहिल्यापासून परीक्षा. लोक पॉइंटला जास्त घाबरतात कारण इन्शुरन्स पण महागतो. मधे एक पळवाट होती, कायद्यात फोनवर संपर्क साधणं असा अर्थ होता म्हणून एक माणूस अपघाताचा व्हिडिओ काढत चालला होता तो २०१९ ला हायकोर्टात सुटला. मग मार्च २०२२ ला कायदा बदलला, आता फोटो काढणं, गाणं बदलणं, स्क्रोल करणं, काहीही करायला फोन हातात धरला की गुन्हा, सिग्नलला उभे असलात तरी. सूट मोजकीच, जसं की थांबणं शक्य नसताना इमर्जन्सीला ९९९ लावणं, आणि गाडी उभी असताना ड्राइव्ह थ्रूला वगैरे फोनने पैसे देणं.

पण ताई तुमच्या प्रश्नाला लागू पडणारी गोष्ट वेगळीच आहे. इथल्या नियमात सरळ लिहिलंय की दुसऱ्याला हातात फोन घेऊन गाडी चालवायला लावणं किंवा तसं करू देणं हा पण गुन्हा. त्यामुळे आमचे मॅनेजर फोन लावतात तेव्हा पहिला प्रश्न "गाडी उभी आहे का" आणि नाही म्हटलं की लगेच ठेवतात. माणसं फार सज्जन आहेत असं नाही, भीती आहे कंपनीला. आपल्याकडे कलम १८८ आहे हे मला आज इथे कळलं, तेच नीट वापरलं तर खूप फरक पडेल.

मालक_पण_ड्रायव्हर_पण

माझ्या स्वतःच्या गाड्या आहेत, भाजीपाल्याच्याच लाइनला, त्यामुळे मालकाच्या बाजूने बोलतो पण तुमच्या विरुद्ध नाही. पहाटेचा बाजार चुकला तर भाव पडतो, शेतकरी आमच्या डोक्यावर बसतो, अडत्या दुसरीकडून माल उचलतो, म्हणून जीव वरखाली होतो आणि फोन होतात. पण गाडी कुठे आहे हे कळायला ड्रायव्हरला फोन लावायची गरजच नाही हो. फास्टॅग ज्या नंबरवर रजिस्टर आहे त्याच्यावर प्रत्येक टोलला पैसे कटले की मेसेज येतो. पिंपळगावचा मेसेज आला, घोटीचा आला, मग पडघ्याचा आला की समजायचं आता भिवंडी आणि पुढे ठाण्याची गर्दी कशी असेल त्यावर वेळ. मी तोच मेसेज अडत्याला फॉरवर्ड करतो, त्याचा ड्रायव्हरला जाणारा फोन तिथेच बंद झाला. जीपीएस लावलं असेल तर मग प्रश्नच नाही, मोबाइलवर गाडी चालताना दिसते.

ड्रायव्हरशी माझं ठरलेलं आहे, इगतपुरीच्या आधी चहाला थांबतो तिथून तो फोन करतो, मग घाट उतरून शहापूरला. मधे मी लावत नाही. काही फारच अर्जंट असेल तर व्हॉइस मेसेज टाकून ठेवतो, थांबल्यावर ऐकतो. यात माझा धंदा बुडाला नाही. भरलेली गाडी घाटात पलटी झाली तर माल, गाडी, क्लेम आणि माणूस, सगळं जातं, त्यापुढे एका फोनचं काय घेऊन बसलात. आणि गणपाभाऊ, अर्धा तास झोप मी देतो, ती भाड्याच्या वेळेत धरूनच गाडी लवकर काढायची.

ताई, तुमच्या मालकाशी भांडण न करता आधी हा फास्टॅगचा विषय काढा. बऱ्याच वेळा फास्टॅग दुसऱ्याच कोणाच्या नंबरवर असतो, मुलाच्या नाहीतर एजंटच्या, आणि मालकाला मेसेज येतच नाहीत.

निफाडची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. फास्टॅगचं अगदी तसंच निघालं, तो मालकाच्या पुतण्याच्या नंबरवर आहे आणि पुतण्या पुण्याला असतो, मेसेज त्याला जातात, विचारतात यांना. हे उद्या मालकाकडे जाऊन नंबर बदलायचं बोलणार आहेत आणि थांबायच्या जागा पण ठरवून घेणार आहेत. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढला, चलानाची वेळ आणि मालकाचा कॉल अगदी जुळतोय. केस करायची आमची इच्छा नाही पण पगार कापायचा विषय निघाला तर हे समोर ठेवू. घरून पण चहाच्या वेळेशिवाय कोणी फोन करायचा नाही असं पोरांना सांगितलंय, मोठीला पटलं, धाकटा पप्पांशी बोलल्याशिवाय झोपत नाही त्याला निघायच्या आधीच बोलू देऊ.

एकच राहिलं. नवीन फोन स्टँड लावलाय गाडीत, समोर मॅप लावला तर त्याला चलान होतं का?

काळा_कोट_नाशिक

१ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमात आलंय की चालवताना फोन फक्त रस्ता बघायला वापरता येईल आणि तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे स्टँडला लावून मॅप चालतो. निघायच्या आधी पत्ता टाकून घ्यायचा, चालताना बोट लावायचं नाही, आणि स्टँड काचेच्या मधोमध नको, खाली डॅशबोर्डला लावा म्हणजे समोरचा रस्ता झाकला जाणार नाही. मॅप चालू असताना कॉल आला की अख्ख्या स्क्रीनवर येतो, त्यासाठी बऱ्याच फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो तो चालू करून घ्या, काही फोनमध्ये समोरच्याला आपोआप मेसेज पण जातो की गाडी चालवतोय, नंतर फोन करतो. मालकाला तो मेसेज लेखी गेला की पुढे "मला माहीतच नव्हतं" म्हणता येणार नाही.