'शेअर्ड व्हिजन'साठी मराठी शब्द हवा आहे (चर्चच्या शिबिरासाठी)

दादरपूर्व
आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पुढच्या महिन्यात एक दिवसाचं शिबिर आहे. सकाळचं सत्र पाळक (पास्टर), वडील आणि पास्टरेट कमिटीसाठी (चर्चचा कारभार बघणारी समिती), दुपारचं आईबापांसाठी. टिपणं इंग्रजीत आलीत आणि ती मराठीत आणायचं काम माझ्याकडे आहे. 'शेअर्ड व्हिजन'पाशी गाडी अडली आहे.

मी 'सामाईक दृष्टान्त' लिहिलं. आधार बायबलमधल्या नीतिसूत्रे २९:१८चा, दृष्टान्त नसला की लोक अनावर होतात असं ते वचन. इंग्रजीच्या जुन्या भाषांतरात तिथे 'व्हिजन' आहे, आपल्या पवित्र शास्त्रात 'दृष्टान्त'. कच्चा मजकूर वाचून कमिटीतले एक काका म्हणाले, "दृष्टान्त पेरणाऱ्याचा असतो, हरवलेल्या मेंढराचा असतो. कमिटीला कुठला दृष्टान्त सांगणार आहात?" तरुण संघातली मुलगी म्हणाली, "व्हिजनच ठेवा ना, सगळ्यांना कळतं." दूरदृष्टी, ध्येय, स्वप्न हे तिन्ही लिहून पाहिले. दूरदृष्टी एकट्या माणसाची असते, ध्येय कंपनीच्या भिंतीवर लावलेलं वाटतं आणि स्वप्न फार सैल. तुमच्या मंडळीत काय म्हणतात?

शब्दवेडा
ताई, तुमचा 'दृष्टान्त' अगदी योग्य आहे, तो सोडू नका. मराठीत या शब्दाला दोन्ही अर्थ पूर्वीपासून आहेत. महानुभाव पंथाच्या 'दृष्टान्तपाठ' या ग्रंथात तो उदाहरणाच्या गोष्टीसाठी येतो. आणि तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजींनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, त्यालाही आपण दृष्टान्तच म्हणतो. काकांना एकच अर्थ माहीत असेल तर दुसरा सांगावा. 'महापौर' हा सावरकरांचा शब्दही सुरुवातीला लोकांना जड वाटला असेलच. आज मुंबईत त्याच्याशिवाय पान हलत नाही.

भायखळा_लोकल
महापौराला महापालिकेने चालवलं. आमच्या उपासनेला येणाऱ्या निम्म्या लोकांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. ती मुलं 'दृष्टान्त' ऐकून बायबलमधली गोष्ट ऐकायला बसतील. 'व्हिजन' लिहा. स्टेशन, टेबल, डॉक्टर चालतात तर हा का नको?

जुनीवही
शब्द ठरवण्याआधी ते वचन काय म्हणतं ते पाहू या, कारण ते जवळपास प्रत्येक नेतृत्व-शिबिरात चुकीच्या जागी वापरलं जातं. मूळ हिब्रू शब्द 'हाझोन'. संदेष्ट्याला देवाकडून जे दिसतं ते. चर्चची नवी इमारत, सभासद वाढवणं, पाच वर्षांची योजना, यातलं काहीही त्यात येत नाही. पुढे मराठीत 'लोक अनावर होतात' असं आहे आणि ते इंग्रजीतल्या 'नाश पावतात'पेक्षा मुळाला जास्त जवळ आहे. सोन्याचं वासरू पुजताना लोक कसे सुटले होते हे सांगताना निर्गम ३२:२५ मध्ये तेच क्रियापद आहे. आणि वचनाचा उरलेला अर्धा भाग तर नियमशास्त्र, म्हणजे देवाने दिलेले नियम, पाळणाऱ्याला धन्य म्हणतो. तो कोणी वाचतच नाही.

मला हे मनापासून सांगायचंय: कमिटीने फळ्यावर लिहून ठरवलेल्या गोष्टीला 'दृष्टान्त' म्हणू नका. तो दिला जातो. ठरवला जातो तो 'संकल्प' किंवा 'निर्धार'.

रानजाई
दृष्टान्ताचं तुम्ही बघा, माझा आक्षेप 'सामाईक'वर आहे. माझं लहानपण परळच्या चाळीत गेलं. सामाईक नळ, सामाईक गॅलरी, सामाईक संडास. जे सामाईक ते धुवायची पाळी कोणाची यावरून रोज भांडण. देवाच्या कामाला हा शब्द लावू नये असं वाटतं. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात 'एकचित्ताने' आहे ना? माडीवर जमलेले सगळे एकचित्ताने प्रार्थना करत होते. तो घ्या.

शब्दवेडा
एकचित्त उत्तम! 'एकचित्त दृष्टान्त' मात्र व्याकरणात बसत नाही.

भायखळा_लोकल
आणि लोकांच्या तोंडातही बसत नाही.

जुनीवही
ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली हेच काम फार सुंदर केलं. ख्रिस्ताला मानणारे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही, एकत्र असावेत असं त्यांच्या मनात होतं. त्याला त्यांनी 'देवाचा दरबार' म्हटलं. 'सामाईक' नाही, 'दृष्टी' नाही. ऐकणाऱ्याला कळलं की इथे राजा कोण आणि आपण कुठे बसायचं. दादरपूर्व ताई, तुमच्या मंडळीला नक्की काय घडवायचंय ते एका चित्रात सांगता येतं का बघा. शब्द त्या चित्रातून निघेल.

शब्दवेडा
दरबार फारसी आहे.

जुनीवही
हो, आणि टिळकांच्या मराठीपुढे तुमची-माझी मराठी तोकडी आहे.

वसईची_वाट
मी वसईची, आता बोरिवलीला. आम्ही कॅथलिक, त्यामुळे तुमचे काही शब्द मला नवे आहेत. आमच्याकडे धर्मग्राम, धर्मप्रांत, धर्मगुरू. बोलताना अर्थातच पॅरिश आणि फादर. 'मंडळी' आम्ही चर्चला म्हणत नाही. माझे आजोबा 'आमची मंडळी' म्हणायचे ते आजीला! आणि सकाळच्या सत्राला पाळक आणि 'वडील' म्हणजे नेमकं कोण? दुपारच्या सत्राला वडील येणार हे समजलं, सकाळी पण तेच?

दादरपूर्व
वडील म्हणजे मंडळीतले निवडलेले ज्येष्ठ, ताई. कारभार आणि आत्मिक देखरेख दोन्ही बघतात. घरातले वडील ते वेगळे. आमच्याकडे कोणाचा गोंधळ होत नाही, 'वडील लोकांची मीटिंग' म्हटलं की कळतं.

जुनीवही
वेगळे खरे, पण फार वेगळे नाहीत. नव्या करारात शब्द आहे 'प्रेस्बुतेरोस', वयाने मोठा. प्रॉटेस्टंट मराठीने त्याचं 'वडील' केलं. वसईची वाट, तुमच्या फादरना इंग्रजीत 'प्रीस्ट' म्हणतात तो शब्दही याच 'प्रेस्बुतेरोस'मधून आलाय. एकाच शब्दाची दोन घरं.

दुसरा शब्द 'एपिस्कोपोस', ज्यातून बिशप आला. वरून लक्ष ठेवणारा. मराठी पवित्र शास्त्राने तिथे 'अध्यक्ष' घातला. अधि आणि अक्ष, ज्याचा डोळा वर आहे तो. भाषांतरकाराने ग्रीकचा सांधा संस्कृतमध्ये जुळवला. दुर्दैवाने आज अध्यक्ष म्हटलं की हाउसिंग सोसायटीचा.

रानजाई
मंडळी म्हणजे बायको यावर माझी आई नेहमी बोलायची! इफिसकरांस पत्रात ख्रिस्त आणि मंडळी हे नातं नवरा-बायकोचं म्हणून सांगितलंय. आई म्हणायची, ज्याने हा शब्द निवडला त्याला जुनं मराठी घर नीट माहीत होतं. हिंदीवाले 'कलीसिया' म्हणतात, तो थेट ग्रीक 'एक्लेसिया'. त्यात हे नातं ऐकू येत नाही.

भायखळा_लोकल
योगायोग आहे. मंडळी म्हणजे जमलेले लोक, भजनी मंडळी, नाटक मंडळी. एक्लेसिया म्हणजेही बोलावून जमवलेले. बायकोचा अर्थ लाजून नाव न घेण्यातून आला.

रानजाई
योगायोग असला तरी आईचं वाचन मी सोडणार नाही.

आंब्याचीडहाळी
इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझे वडील पाळक होते. शाळेच्या डायरीत खाली 'पालकांची सही' छापलेलं असायचं. मी ते बरेच दिवस 'पाळकांची सही' वाचत होते. मला वाटायचं ही ओळ फक्त माझ्या डायरीत आहे, माझ्या पप्पांसाठी.

पालक आणि पाळक एकच शब्द आहे ना? शब्दवेडा काका सांगतील.

शब्दवेडा
एकच. संस्कृत 'पालक' तसाच राहिला तो तत्सम. लोकांच्या तोंडून प्राकृतातून आला तो 'पाळक'. दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो. फल-फळ, काल-काळ, बाल-बाळ. पाळणा, पाळत, मेंढपाळ सगळे त्याच घरचे. म्हणून माझ्या मते पाळक हाच जास्त मराठी शब्द आहे आणि 'पास्टर' म्हणायची काही गरज नाही.

आंब्याचीडहाळी
धन्यवाद काका. मी विचारलं त्याला कारण आहे. तुमच्या शिबिरात सकाळी नेतृत्व आणि दुपारी मुलं वाढवणं, अशी दोन सत्रं वेगळी ठेवलीत. पौलाच्या १ तीमथ्य पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ती एकत्रच आहेत. अध्यक्ष कसा असावा? घरची व्यवस्था नीट ठेवणारा, मुलं आज्ञांकित असलेला. ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी कशी सांभाळणार, असं पौल विचारतो.

हे वचन आमच्या घरात मी फार ऐकलं. मंडळीचे वडील घरी आले की आम्ही भावंडं चटईवर हात जोडून ओळीने बसायचो. चहा, बिस्किटाची बशी, आणि ती बशी आमच्यासमोरून फिरताना हात पुढे करायचा नाही. कारण मी बिस्कीट उचललं तर पप्पांच्या पाळकपणावर बोट येणार. माझा भाऊ तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर उपासनेला येईना, तेव्हा कमिटीत चर्चा भावाची झाली नाही, पप्पांच्या लायकीची झाली. पप्पा घरी येऊन भावावर चिडले. तो आजही चर्चला येत नाही.

म्हणून विचारते, तुमच्या टिपणांत इफिस ६:४ आहे का? बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका. 'पेरेंटिंग'ला कोणताही शब्द घ्या, पण हे वचन वाचल्याशिवाय तीमथ्य वाचू नका. आणि ते सकाळच्या सत्रात वाचा, वडील लोकांसमोर.

दादरपूर्व
डहाळी ताई, टिपणांत दुपारच्या सत्रात आहे. सकाळच्या सत्रात मी स्वतः घालते.

वसईची_वाट
वाचून गलबलले. आमच्याकडे फादरना मुलंबाळं नसतात, त्यामुळे ही बाजू कधी डोक्यात आलीच नव्हती. आमच्याकडे ओझं आईवर. धर्मशिक्षणाच्या वर्गाला मूल गेलं नाही की फोन आईला.

शब्दाबद्दल: 'पेरेंटिंग'ला 'संस्कार' का नको? आमच्या मराठीत साक्रामेंत (चर्चचा पवित्र विधी) म्हणजे संस्कार, बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार. मुलांवर श्रद्धेचे संस्कार, सगळं एका शब्दात येतं.

भायखळा_लोकल
संस्कार वर्ग, संस्कार शिबिर, संस्कार भारती... प्रॉटेस्टंट कानाला तो शब्द आपला वाटत नाही. आम्ही शब्बाथ शाळावाले, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गाचे.

शब्दवेडा
शब्द कोणाच्या मालकीचा नसतो.

जुनीवही
माझी अडचण दुसरी. संस्कार मुलावर 'केले' जातात. नीतिसूत्रे २२:६ मराठीत म्हणतं, मुलाच्या 'स्थितीस अनुरूप' शिक्षण दे. हिब्रूत 'त्याच्या वाटेप्रमाणे' असं आहे, आणि ती वाट म्हणजे योग्य मार्ग की त्या मुलाची स्वतःची चाल, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मराठी भाषांतरकाराने मुलाकडे पाहणारा अर्थ घेतला. इंग्रजीत वाचणाऱ्यांना तो सहसा दिसत नाही. मराठीत प्रवचन करणाऱ्यांनी त्याचा उपयोग केला पाहिजे.

शब्दवेडा
आणि इफिस ६:४ मध्ये पुढे 'प्रभूच्या शिस्तीत' आहे. शिस्त म्हणजे मुळात नेम. शिस्त धरणे म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. 'नेम' हा शब्द नियमातून आला. म्हणजे नियम, नेम, शिस्त सगळं एकाच जागी येतं. दादरपूर्व ताई, तुमच्या 'व्हिजन'ला 'नेम' का नाही? 'मंडळीचा नेम'. नियमशास्त्रही त्यात आलं आणि लक्ष्यही.

भायखळा_लोकल
शिस्त फारसी आहे, काका.

शब्दवेडा
रुळलेला फारसी शब्द आणि काल आणलेला इंग्रजी शब्द यांत फरक आहे.

भायखळा_लोकल
किती वर्षांनी रुळतो ते सांगा, तोवर थांबतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२४ साली त्यांच्या पश्चात छापून झालं. कशासाठी? त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमातल्या साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. त्यांनी 'हे कोणाला कळेल' असं आधी विचारलं. आजच्या दादर-भायखळ्यात 'मंडळीचा नेम' म्हटलं तर लोकांना वाटेल, कोणाचा नेम धरताय?

रानजाई
पण साधी मराठी आणि इंग्रजी मराठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रमाबाईंनी साधी केली. 'आपण सगळे मिळून कुठे चाललोय' असं सरळ लिहा ना मथळ्यावर.

दादरपूर्व
रानजाई, हे मी पत्रकात घालून पाहिलं, छान दिसतंय. पण टिपणांत 'व्हिजन' पानोपानी आहे, प्रत्येक वेळी अख्खं वाक्य कसं घालू? 'नेतृत्व'चंही तेच. नेता म्हटलं की चौकातला वाढदिवसाचा बॅनर, पुढारी म्हटलं की त्याहून वाईट. तिथे मी सगळीकडे 'सेवा' लिहिलंय, निदान फिलिप्पै पत्रात अध्यक्षांच्या शेजारी सेवक उभे आहेत. व्हिजनचं अजून ठरत नाहीये. छपाईला बुधवारी द्यायचंय.

वसईची_वाट
एक विचारू? 'चिरडीस' म्हणजे नक्की काय? चिरडणे का?

आंब्याचीडहाळी
नाही ताई. चिरड म्हणजे आतल्या आत साचलेली चीड. रागावणं एकदाचं होऊन जातं. चिरडीस येणं म्हणजे रोज थोडं थोडं टोचून माणूस हट्टाला पेटणं. कलस्सै पत्रात पुढे म्हटलंय की अशाने मुलं खिन्न होतात. भावाचं तेच झालं.

भायखळा_लोकल
बघा, हाही कोणाला कळत नाही. दुपारच्या सत्रात 'चिडवू नका' लिहा.

आंब्याचीडहाळी
चिडवणं वेगळं. चिडवतात मित्र. हा शब्द बदलू नका, समजावून सांगा. दहा मिनिटं जास्त लागतील.

शब्दवेडा
सहमत, पण 'चिरडीस' ऐवजी 'चिरडीला' करायला हरकत नाही. 'स' प्रत्यय आता बोलण्यातून गेला.

रानजाई
काका, तुम्ही?! 'स' काढला तर ते पवित्र शास्त्र वाटत नाही. आमच्या आजीला लिहिता येत नव्हतं, पण प्रार्थनेत ती 'तुजला', 'आम्हांस' असंच बोलायची. ती तिची देवाशी बोलायची भाषा होती.

भायखळा_लोकल
आणि माझा मुलगा ती ऐकून विचारतो, देवाला साधं मराठी येत नाही का? त्याला मी काय सांगू?

जुनीवही
त्याला सांगा की येतं, आणि त्याने साध्या मराठीतच प्रार्थना करावी. आजीची भाषा आजीला राहू दे.