हमिंगबर्डचं साखरपाणी गढूळ होतंय, मदत हवी आहे

आंबटगोड:
हमिंगबर्डसाठी फीडर (साखरपाण्याचं टांगतं भांडं) लावला, पण पाणी दुसऱ्या दिवशीच गढूळ होतं आणि कडेला काळे ठिपके दिसतात. पक्षी येतो, चोच बुडवतो आणि लगेच उडून जातो. शेजारणीच्या फीडरवर मात्र दिवसभर त्यांची मारामारी. प्रमाण बरोबर आहे, त्यावर लेक्चर नको. खात्रीची कृती असेल तर द्या. शनिवारी नातवंडं येताहेत.

वाटसरू:
राहता कुठे? प्रमाण बरोबर म्हणजे किती? साखर कुठली?

कोकणमेवा:
साखर हवीच कशाला? मध घाला. नैसर्गिक.

दुपारउन्ह:
मध अजिबात नको! पाण्यात कालवलेला मध पटकन आंबतो, त्यात बुरशी वाढते आणि ती पक्ष्यांना बाधते. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. संपलं. लाल रंगही नको, फीडरवरची नकली लाल फुलं पुरतात.

कोकणमेवा:
फुलांत काय कारखान्याची साखर असते?

दुपारउन्ह:
ज्या फुलांवर हे पक्षी जातात त्यांच्या मधुरसात मुख्यतः सुक्रोजच असतं. पांढरी साखर म्हणजे तेच.

झिपरी:
ऑक्टोबरात फीडर काढून ठेवा हं, नाहीतर ते दक्षिणेला जातच नाहीत.

वाटसरू:
गैरसमज आहे. दिवस लहान व्हायला लागले की ते आपले आपण निघतात. आणि विचारलंय काय, आपण बोलतोय काय!

आंबटगोड:
ऑस्टिन, टेक्सास. एकास चारच घेतलंय. साखर ऑर्गॅनिक, फिकट तपकिरी असते ती. पांढरी मी घरात आणत नाही. पाणी चांगलं दहा मिनिटं उकळते, तेव्हा जंतूंचा प्रश्न येत नाही.

दुपारउन्ह:
काकू, दहा मिनिटांत पाणी आटलं, एकास चार राहिलं कुठे? गुलाबजाम करायचे नाहीत, साखर विरघळली की गॅस बंद. तपकिरी साखरेत मळी राहते, म्हणजे लोह. ते या पक्ष्यांना सोसत नाही. आणि उकळून काय उपयोग, चोचीबरोबर यीस्ट आत जातंच.

पुणेरी_पगडी:
आमच्याकडे जास्वंदीवर शिंजीर येतात. फीडरचे लाड नाहीत.

वाटसरू:
शिंजीर वेगळा. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नसतातच. पण झाडाचा मुद्दा पटला. टेक्सासची टर्क्स कॅप लावा, जास्वंदीच्याच कुळातली, सावलीतही फुलते.

आंबटगोड:
शनिवारपर्यंत फुलेल का ती?

वाटसरू:
नाही. फीडर सावलीत आहे का?

आंबटगोड:
दुपारी दोनपर्यंत असते सावली. मग?

दुपारउन्ह:
मग ऊन! ऑस्टिनच्या ३८ अंशांत पाणी रोज बदलावं लागेल. थोडंच भरा, उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. काळे ठिपके ही बुरशी आहे. गरम पाणी आणि व्हिनेगर घेऊन बारीक ब्रशने फीडरच्या नकली फुलांची भोकं आतून घासा, नंतर भरपूर पाण्याने धुवा.

झिपरी:
मुंग्या येतात का? माझ्याकडे त्यावर उपाय आहे.