बंदराच्या गावात पाहुण्यांना बंदर का दाखवत नाही आपण?

सड्यावरची
दिवाळीच्या सुट्टीत नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं रत्नागिरीला आली होती. पहिल्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, झाडगावचं मत्स्यालय, भगवतीचा किल्ला आणि दिवेलागणीला भाट्याच्या वाळूत भेळ. आपल्याकडे कुणीही आलं की आपण हाच पाढा म्हणतो.

तिसऱ्या दिवशी पापलेटं बर्फात बांधून द्यायची म्हणून मी सकाळी साडेसहाला मिरकरवाड्याला, आपल्या मासळी बंदरावर, निघाले, तर धाकटा भाचा मागे लागला. धक्क्याला नुकतीच एक बोट लागली होती. खलाशी क्रेट हातोहात वर देत होते, खाली बर्फाचा चिखल, वर घारी. एक मावशी कमरेचा बटवा सोडून ओल्या बोटांनी नोटा मोजत होती, आणि मोजता मोजताच शेजारच्या ढिगाच्या लिलावात मान हलवून बोली लावत होती. हा पोरगा एका म्हाकुळाच्या (स्क्विडच्या) ढिगाशी उकिडवा बसला. ताज्या म्हाकुळाच्या अंगावरचे तांबूस ठिपके मेल्यावरही थोडा वेळ लहान-मोठे होत राहतात, माहीत आहे ना? ते बघत दहा मिनिटं हलला नाही. आदल्या दिवशी अख्खं मत्स्यालय त्याने पाच मिनिटांत संपवलं होतं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. समुद्र नि वाळू काय, कोकणात कुठेही आहे. रत्नागिरी हे बंदर आहे, म्हणून ते शहर झालं. मग पाहुण्यांच्या यादीत बंदरच का नाही? माझं मत सरळ आहे: वेळ कमी असेल तर पुळं सोडा, मिरकरवाडा दाखवा.

घाटावरचा अण्णा
असहमत. आणि जरा चिडूनच असहमत.
आम्ही कोल्हापूरहून आंबा घाट उतरून दुपारी एकला पोचतो. गाडीत सत्तर वर्षांची आई, मागे दोन पोरं, त्यातलं एक घाटात ओकलेलं. आम्हाला काय हवं असतं सांगू? सावलीत पार्किंग, धड स्वच्छतागृह, सोलकढी आणि लाटा. बांगडा आम्हाला ताटात बघायचा असतो. वर्षातून चार दिवस मिळतात, त्यात पहाटे उठून चिखलात उभं राहायचं? ते तर आम्ही उसाच्या फडात रोज करतो.
आणि पुळं सोडा म्हणता, ते आमच्या आईला तुम्हीच येऊन सांगा.

सड्यावरची
अण्णा, आईंना पुळ्याला न्याच. माझा राग त्या पाढ्यावर आहे, देवावर नाही. पण तुमच्या उसाचंच घ्या. गुऱ्हाळ बघायला शहरातली माणसं तुमच्याकडे येतातच ना? काहिलीपाशी उभं राहून गरम काकवी चाटतात, तेव्हा धुराची तक्रार करतात का?

घाटावरचा अण्णा
गुऱ्हाळाला वास चांगला असतो हो.

तांडेलाचा नातू
मी राजिवड्याचा. आमची बोट मिरकरवाड्यालाच लागते, म्हणून हा धागा वाचून हसावं की काय ते कळेना.
सड्यावरच्या ताई, तुम्ही मासे घ्यायला आलात, तुम्ही आमचं गिऱ्हाईक. तुमचा भाचा कोपऱ्यात बसला, त्याचं कौतुकच आहे. पण उद्या हे ‘स्थळ’ झालं की काय होतं ते मी बघितलंय. पांढऱ्या बुटांतली चार जणं हातगाडीच्या वाटेत उभी. एकीने माझ्या चाचीला सांगितलं, “मावशी, ती सुरमई जरा वर धरा ना.” चाचीचा लिलाव चालू होता. तिने सुरमई वर धरली नाय, आवाज वर चढवला, मग हे म्हणाले इथली माणसं उद्धट.
तुम्ही बँकेत असाल, शाळेत असाल. तुमच्या टेबलासमोर रोज वीस माणसं फोन धरून उभी राहिली तर चालेल काय? आमचे खलाशी रात्रभर जागून आलेले असतात. आता बरेचसे नेपाळी आहेत, घर सोडून इतक्या लांब आलेले. त्यांच्या थकलेल्या तोंडाचे फोटो तुमच्या स्टेटसला कशाला?
बंदर बघायचंय ना, किल्ल्यावर जा. वरून सगळं मिरकरवाडा दिसतं, बोटी मोजता येतात, कुणाच्या पायात पण येत नाय.

जांभा-चिरा
नातूसाहेबांना दुजोरा, पण वेगळ्या कारणाने.
बंदर म्हणजे फक्त मासळी हे कुणी ठरवलं? इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पकडलं, आधी मद्रासला ठेवलं आणि 1886 मध्ये इथे आणून ठेवलं. तेव्हा रेल्वे नव्हती, घाटापलीकडे जाणं म्हणजे दिव्य. जगापासून लांब, पण बोटीने गाठता येईल अशी जागा हवी होती, आणि तशी ही होती. पुढे त्याच्यासाठी जांभ्याचा राजवाडा बांधला. 1910 मध्ये तो तिथे राहायला गेला आणि 1916 मध्ये इथेच वारला. शेवटच्या मोगल बादशहाची कबर रंगूनला आणि ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची कबर रत्नागिरीला! 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्या कबरीवर येऊन गेले. आपल्यापैकी किती जण गेलेत? मी स्वतः चाळिशीत पहिल्यांदा गेलो. रत्नागिरीत जन्मून.
राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. ज्या पाण्यावरून आणलं तेच पाणी समोर ठेवून कोंडलं त्याला. पाहुण्यांना तिथे अर्धा तास शांत बसवा, त्यांना बंदर कळेल. आपण मात्र जिन्यात सेल्फी काढून वीस मिनिटांत खाली आणतो.

सड्यावरची
जांभा-चिरा, छान लिहिलंत, पण हे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. राजवाडासुद्धा बंदराच्या गोष्टीतच बसवून दाखवावा लागतो, नाहीतर ती नुसती लाल इमारत.
आमचे आजोबा मुंबईला बोटीने जायचे. पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत, मग शिडी, मग डेकवर जागेसाठी मारामारी. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे मुंबईला गेलेला माणूस अडकला तिकडेच. आज मांडवीच्या धक्क्यावर ‘गेटवे’ आहे, तिथे भेळ खाणाऱ्या पोरांना यातलं काही ठाऊक नाही.

मिऱ्याचा वारा
तुम्ही सगळे विसरलात. रत्नागिरीतलं सगळ्यात गर्दीचं ‘बंदर-पर्यटन’ मिऱ्याच्या किनाऱ्यावर झालं, तेही फुकटात. जून 2020 च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे तेलवाहू जहाज भरकटून बंधाऱ्याला येऊन धडकलं आणि पुढची काही वर्षं तिथेच गंजत पडलं. माणसं गाड्या करून बघायला यायची. लग्नाआधीचे फोटोसुद्धा काढले लोकांनी, मागे गंजकं जहाज. एक बोर्ड नाही, तिकीट नाही, गाईड नाही.
आमच्या दारातला समुद्र बंधारा खातोय, ते बघायला मात्र कुणी थांबत नव्हतं.

कातळावरचा
सड्यावर, कातळाच्या पठारावर चला. तिथल्या खडकात कोरलेली चित्रं, म्हणजे कातळशिल्पं, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यातली उक्षी आणि जांभरुण आपल्याच तालुक्यात. गर्दी नाही, वास नाही.

मिऱ्याचा वारा
धागा बंदराचा आहे हो! तुमचा कातळ दुसऱ्या धाग्यावर न्या.

सड्यावरची
नातूभाऊ, तुमच्याकडे परत येते, कारण खरं उत्तर तुम्हालाच द्यायचंय.
फोटोचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. वर लिहिताना ते माझ्या मनातही आलं नाही, कबूल. पण किल्ल्यावरून बघा, हे नाही पटत. वरून बोटी खेळण्यातल्या दिसतात. बर्फ फोडण्याचा आवाज नाही, चाचीचा नाही. त्या पोराला म्हाकुळाचे ठिपके किल्ल्यावरून दिसले नसते. तो सातारला परत जाऊन विचारत होता म्हणे, की आपल्या बाजारात येणारं मासं कुणी पकडलेलं असतं. हे त्याला पुळ्याच्या वाळूत सुचलं नसतं.
वाटेत न येता उभं राहायला एक जागा करता आली तर? धक्क्याच्या कडेला, उंचावर, लिलावाच्या दहा हात लांब.

तांडेलाचा नातू
जागा करायची म्हणजे कोण करणार? आम्हालाच क्रेट ठेवायला जागा पुरत नाय, त्यात बघ्यांची गॅलरी. आधी आमच्या बायांना बसायला सावली करा, त्यांना स्वच्छतागृह करा. अण्णा म्हणतात ते त्यांना चार दिवस हवं असतं, आमच्या चाचीला ते रोज हवंय. ते झालं की त्याच शेडच्या कडेला पाहुणे उभे राहूदेत, माझी ना नाय.

घाटावरचा अण्णा
हे मात्र एक नंबर बोललात. माझं मत बदललं नाही, मी लाटाच बघणार. पण आई विचारतेय, सुरमई तिथे धक्क्यावर स्वस्त मिळते का?

तांडेलाचा नातू
अण्णा, मिळते, पण भाव करता यायला हवा. आईंना पुढे करा, तुम्ही मागे उभे राहा.
ताई, भाच्याला परत आणा. जून-जुलैत नको, तेव्हा 1 जून ते 31 जुलै बंदी असते, बोटी ओढून ठेवलेल्या असतात. आणि शुक्रवारी पण नको, आमची बोट त्या दिवशी बाहेर जात नाय. चप्पल घालून येऊ नका, रबरी बूट घाला. म्हाकूळ मी दाखवतो, फोन खिशात.